आडवी रेघ

हिवाळ्यात सदर बाजारात संध्याकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा फ्लोरिडात सकाळचे सात वाजलेले असतात. २०२४च्या दिवाळीपर्यंत हे गणित मला माहीत असण्याचे काही कारण नव्हते. दिवाळीत धाकट्या भावाचा अटलांटाहून फोन आला. फेब्रुवारीत मुलाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी आहे, बाबांना इकडे पाठव, आपण त्यांना ऑर्लँडोचे डिस्ने वर्ल्ड दाखवू, असे तो म्हणाला. मग जरा हसून म्हणाला, "ताई, प्लॅनिंग मात्र तू कर. तुला तक्ते आवडतात."

तक्ते आवडतात हे खरे. रायपूरच्या सदर बाजारात एका सराफी दुकानाच्या वर दुसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. खाली काचेच्या दारामागे रोज सकाळी सोन्याचा नवा भाव लागतो. याच बाजारातल्या दोन पेढ्यांचे हिशेब मी घरी बसून लिहिते. मार्चअखेर जवळ आलेली असताना मला स्वतःला जाणे शक्य नव्हते. बाबा सत्याहत्तर वर्षांचे. आई गेल्याला दोन वर्षे झाली होती आणि तेव्हापासून बाबा बूढा तालाबाच्या पलीकडे कुठे गेले नव्हते. त्यांनी नातवासोबत चार दिवस हिंडावे, एवढाच माझा स्वार्थ होता. मी हो म्हटले.

त्या रात्री बसले तेव्हा कळले की ही जत्रा नव्हे. आपल्या जत्रेत माणूस शिरतो आणि जे दिसेल ते पाहतो. इथे आधी अभ्यास करावा लागतो, आणि तो करून देणारी साधनेही अनेक आहेत. आठवडाभरात मी तीन निवडली आणि वहीत तीन रकाने आखले.

पहिले साधन त्यांचे स्वतःचे, 'माय डिस्ने एक्स्पीरियन्स' हे अ‍ॅप. ते फुकट मिळते. नकाशा त्यात, तिकिटे त्यात, जेवणाचे आरक्षण त्यात, आणि या क्षणी कोणत्या खेळासमोर किती मिनिटांची रांग आहे हेही त्यात. रांग टाळण्याचा परवाना विकत घ्यायचा तोही तिथूनच. या परवान्याला इतिहास आहे. १९९९ साली 'फास्टपास' सुरू झाला तेव्हा तो फुकट होता. यंत्रात तिकीट घालायचे, छापील वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला परत यायचे. २०२१मध्ये ते बंद झाले आणि पैसे भरायची पद्धत आली. जुलै २०२४पासून तिचे नाव 'लाइटनिंग लेन'. तिचा दर तारखेप्रमाणे आणि उद्यानाप्रमाणे बदलतो. त्यांच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी वेळा निवडता येतात, बाहेर उतरलेल्यांना तीन दिवस आधी, आणि खिडकी उघडते सकाळी सातला. म्हणजे आमच्याकडे साडेपाचला.

मी हे बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे तत्काळ!" आणि पुन्हा पेपरात डोके घातले. रेल्वेत तत्काळ १९९७ साली आले, पुढे २०१४मध्ये प्रीमियम तत्काळ, ज्याचा दर मागणीप्रमाणे चढतो. तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन असते. रांगेला किंमत लावण्याची कल्पना आम्हाला परकी नव्हती. फक्त खालच्या सोन्याच्या भावासारखा रांगेचा भाव रोज बदललेला मी प्रथमच पाहिला.

दुसरे साधन 'क्यू-टाइम्स'. जगभरच्या उद्यानांतल्या रांगांचे आकडे ते गोळा करते आणि जुने आकडेही जपून ठेवते. मागच्या वर्षी याच आठवड्यात दुपारी दोनला पीटर पॅनच्या रांगेचे काय होते, हे तिथे आलेखावर दिसते. ते सल्ला देत नाही, आकडे समोर ठेवते. माझ्या हिशेबनीस मनाला ते फार आवडले.

तिसरे 'टूरिंग प्लॅन्स'. वर्गणी भरून घ्यायचे. त्याच्या मागे लेन टेस्टा नावाचा संगणकशास्त्राचा माणूस आहे. फिरत्या विक्रेत्याला सगळी गावे कमीत कमी वाटचालीत कशी करता येतील, हे गणितातले जुने कोडे. टेस्टाने आपल्या पदव्युत्तर प्रबंधात ते उद्यानाच्या रांगांना लावून पाहिले. इथे कोडे आणखी अवघड होते, कारण गावांमधले अंतर तेच राहते, पण रांगेची लांबी तासातासाला बदलते. नुसते दहा खेळ घेतले तरी ते ३६,२८,८०० क्रमांनी करता येतात. आपण खेळांची यादी द्यायची, येण्याजाण्याची वेळ द्यायची, की यंत्र क्रम लावून देते. गर्दीचे कॅलेंडरही आहे, एक ते दहा. एक म्हणजे मोकळे रान, दहा म्हणजे पंढरपूरची आषाढी. आमचा आठवडा प्रेसिडेंट्स डेचा होता, साऱ्या अमेरिकेची सुट्टी. पुतण्याची शाळा दुसऱ्या आठवड्यात सुट्टी देणार नव्हती. मुहूर्त वाईट आहे हे कळले, पण लग्न त्याच दिवशी होते.

तिन्ही रकाने भरत गेले तसे माझ्या लक्षात आले की ही साधने एकमेकांची स्पर्धक नाहीतच. तिघे तीन वेगळ्या प्रश्नांना उत्तरे देतात. आता किती वेळ लागेल? एरवी किती लागतो? आणि सगळ्यांत कमी लागावा म्हणून काय करू? प्रश्न वेगळे, पण तिघांचा शत्रू एकच, उभे राहणे. उभे राहिलेला प्रत्येक मिनिट वाया गेला, अशी तिघांची श्रद्धा. मलाही ती पटली होती. भावाने यादी पाठवली, मी ती भरली आणि बटण दाबले. सकाळी नऊ ते रात्री नऊ, तेरा खेळ. यंत्राने सांगितले, एवढे तास एवढी मिनिटे वाचली. ताळेबंद जुळल्यावर होतो तसा आनंद मला झाला.

मी तो कागद छापून बाबांसमोर ठेवला.

बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. नोकरीची बहुतेक वर्षे बिलासपूरच्या कंट्रोल ऑफिसात गेली. राहणे रायपूरला, अप-डाउन रोजचे. २००३मध्ये रायपूर डिव्हिजन वेगळे झाले तेव्हा ते इकडे आले आणि चार वर्षांनी निवृत्त झाले. सेक्शन कंट्रोलर गाडी चालवत नाही, झेंडा दाखवत नाही, प्रवाशाला तो कधी दिसत नाही. कानाला फोन लावून तो एका मोठ्या कागदासमोर बसतो. कागदाच्या डाव्या कडेला वरून खाली स्टेशने, वरच्या कडेला तास आणि मिनिटे. गाडी जशी जशी स्टेशने ओलांडते तशी पेन्सिलीची तिरकी रेघ पुढे सरकते. गीतांजलीची रेघ, हावडा मेलची रेघ, कोरब्याहून निघालेल्या कोळशाच्या मालगाड्यांच्या रेघा. कोणाला मेन लाइनवर सोडायचे, कोणाला लूपमध्ये घ्यायचे, हे त्या रेघांकडे पाहून ठरते. हे काम आता संगणकावर होते, पण आमच्या माळ्यावर बाबांच्या रंगीत पेन्सिलींचा डबा अजून आहे. आई म्हणायची, जगाच्या गाड्या मार्गी लावणारा हा माणूस स्वतः कधी वेळेवर घरी आला नाही.

बाबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "रिकव्हरी टाइम कुठाय?"

मला कळले नाही. त्यांनी समजावले. वेळापत्रक आखताना गाडीला लागतात तेवढीच मिनिटे देत नाहीत. कुठे रूळ दुरुस्तीला असतात, कुठे वेग कमी करावा लागतो, कुठे कोणी साखळी ओढतो. त्यासाठी दर टप्प्यात थोडी जास्तीची मिनिटे पेरून ठेवतात. इंजिनिअरिंग अलाउन्स वेगळा, ट्रॅफिक रिकव्हरी वेगळा. "ती मिनिटं कागदावर रिकामी दिसतात. नवा साहेब आला की पहिल्यांदा तीच कापतो. आणि मग एक गाडी वीस मिनिटं मागे पडली की संध्याकाळपर्यंत सगळं सेक्शन मागे पडतं."

"पण हे यंत्र दिवसभर नवा क्रम लावून देतं, बाबा."

"यंत्र देईल. गुडघे कुठून देतील?"

ते हे हसत म्हणाले, म्हणून मीही हसले.

गुडघ्यांचा विषय तिथेच राहिला असता. पण यादी भरताना मी एक खण तात्पुरता ठोकून पुढे गेले होते: चालण्याचा वेग. नेहमीचा, सावकाश, असे पर्याय त्यात होते. नेमके काय लिहावे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी बाबांच्या संध्याकाळच्या फेरीला बरोबर निघाले. कोतवाली चौकापर्यंत जायचे आणि परत यायचे. त्यांना काही सांगितले नाही. फोन ओढणीत धरून मोजत राहिले.

घरापासून चौकापर्यंत फोनच्या मते साडेचारशे मीटर. मी एकटी गेले तर सहा मिनिटे लागतात. बाबांना तेरा लागली. पण मला धक्का बसला तो तेरा या आकड्याने नव्हे. बाबा वाटेत तीन वेळा थांबले. पहिल्यांदा सराफाच्या दारात, सोन्याचा भाव वाचायला. दुसऱ्यांदा पानवाल्याशी बोलायला, आणि तिथे त्यांनी काउंटरवर तळहात टेकला. तिसऱ्यांदा बुटाची नाडी बांधायला. नाडी सुटलेलीच नव्हती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली, दगडी पायरीवर बसून, हळूहळू, दोन्ही पायांची.

दुसऱ्या दिवशी तीच तीन ठिकाणे. तिसऱ्या दिवशीही.

किती दिवसांपासून हे चालले असेल? मी त्याच घरात राहते. रोज गॅलरीतून त्यांना जाताना पाहते. आमच्या जिन्यापाशी बसणारी भाजीवाली मला वर पाहून विचारायची, "बबा ल अगोरत हव का, दीदी?" छत्तीसगढीत अगोरना म्हणजे वाट पाहणे, आणि पिकाची राखण करणे म्हणजेही अगोरनाच. मी म्हणायची, हो. वाट पाहत होते, राखण कुठे केली होती? सोन्याचा भाव पाहण्यात बाबांना काही रस नव्हता हे मला ठाऊक असायला हवे होते. आमच्या घरात आईच्या दोन बांगड्यांपलीकडे सोने नाही.

अमेरिकेतल्या एका उद्यानाची रांग चुकवण्यासाठी मी मोजमाप करायला गेले आणि माझ्याच वडिलांची दमछाक मला सापडली. ती शोधायला मला एका अ‍ॅपच्या रिकाम्या खणाची गरज पडली, याची लाज आजही वाटते.

डॉक्टरांकडे नेले. बाबा आधी रागावले, मग आले. छातीचा इको झाला, रक्त तपासले. एक गोळी वाढली. प्रवासाला हरकत नाही, पण एका दमात चालवू नका, असे डॉक्टर म्हणाले. मी भावाला फोन केला आणि म्हटले, हे रद्द करू या. अशा उद्यानात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते, हे एव्हाना मी वाचले होते.

भाऊ म्हणाला, रद्द कशाला? चाकाची खुर्ची मिळते. रांगाही बहुतेक खुर्ची जाईल अशाच आहेत. मी ढकलीन.

"ते बसणार नाहीत."

"तू विचारलंस?"

मी विचारले नव्हते. आमचे आवाज चढले. तो म्हणाला, तुला तिथे बसून काळजी करायला सोपं आहे. मी म्हणाले, तुला वर्षातून चार दिवस मुलगा व्हायला सोपं आहे. असे शब्द समुद्रापलीकडे लगेच पोचतात, परत मात्र घेता येत नाहीत. फोन स्पीकरवर होता. बाबा आतल्या खोलीत होते, पण आमच्या घरात आतली खोली फार आत नाही.

दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माळ्यावरून पेन्सिलींचा डबा काढून द्यायला सांगितला. माझ्या जुन्या खातेवहीची कोरी पाने चिकटवून त्यांनी मोठा कागद केला. डाव्या कडेला लिहिले: मेन स्ट्रीट, अ‍ॅडव्हेंचरलँड, फ्रंटियरलँड, फँटसीलँड, टुमॉरोलँड. वर नऊ ते नऊचे तास. मग लाल पेन्सिलीने माझ्या तेरा खेळांची गाडी काढली. वरखाली धावणारी, दातेरी, दम लागलेली रेघ.

"गाडी पळते तेव्हा रेघ उभी होत जाते," ते म्हणाले. "गाडी उभी राहिली की रेघ आडवी पडते. आडवी रेघ म्हणजे काही बिघाड नव्हे. ती नसेल तर क्रॉसिंग होणारच नाही."

त्यांनी तेरातले पाच खेळ खोडले. मग निळी पेन्सिल घेतली आणि स्वतःची गाडी काढली. ती मेन स्ट्रीटवर जवळजवळ आडवीच होती. "ही मालगाडी. हिला लूपमध्ये घ्यायची, एक्स्प्रेस पुढे सोडायची. याला प्रिसीडन्स म्हणतात. मालगाडीचा त्यात अपमान नसतो." दोन रेघा दिवसात तीनदा भेटत होत्या: साडेअकराला, अडीचला, साडेपाचला. प्रत्येक भेटीनंतर दोन्ही गाड्यांना चाळीस मिनिटे मोकळी. तेवढ्यात जेवण, बसणे, गप्पा.

"आणि खुर्ची?" मी विचारून टाकले.

"ते नंतर बघू," बाबा म्हणाले.

मी तो कागद घेऊन पुन्हा यंत्रासमोर बसले आणि तेव्हा एक गोष्ट दिसली. विश्रांतीचा खण यादीत पहिल्यापासून होता. जेवण, बसणे, थांबणे, हवे तेवढे घाला. तो आम्हीच रिकामा ठेवला होता. कमी चालायचे की कमी थांबायचे, हेही यंत्राने विचारले होते. मी न वाचता 'कमी थांबायचे' निवडले होते. यंत्राने काहीच चुकवले नव्हते. आपण जे मागितले ते त्याने काटेकोर दिले होते. आता बाबांची तीन क्रॉसिंग आधी भरली, मग उरलेल्या जागेत खेळ बसवायला सांगितले. आठ बसले.

लाइटनिंग लेन फक्त लाल गाडीसाठी घ्यायची ठरली. भाऊ त्या वेळेला गाडी चालवत कामावर जात असे, म्हणून त्याच्या खात्यातून बटण मी दाबायचे. संध्याकाळी साडेपाचला खाली बाजाराची गर्दी सुरू होत होती. कोणाच्या तरी लग्नाची खरेदी चालली होती आणि गल्लीत मोटारीचा हॉर्न अडकून बसला होता. मी तीन वेळा निवडल्या. बाबा शेजारी उभे राहून म्हणाले, "वेटिंग नाही ना? कन्फर्म?"

कन्फर्म होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. उद्यान उघडले तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी जेवून तिन्ही साधने उघडून बसले. सदर बाजाराची शटरे पडली, कुत्र्यांनी रस्ता ताब्यात घेतला, आणि माझ्यासमोर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या रांगा मिनिटामिनिटाने हलत होत्या. पीटर पॅनचा आकडा चढत होता. एक खेळ बिघाडाने थांबला, मग सुरू झाला. तिथल्या प्रत्येक रांगेत किती मिनिटे उभे राहावे लागेल हे मला सदर बाजारात बसून कळत होते. बाबा कुठे बसले आहेत, हे मात्र कुठल्याच पडद्यावर नव्हते.

साडेअकराचे क्रॉसिंग वेळेवर झाले. भावाने फोटो पाठवला. बाबा बाकावर, हातात कागदी पेला, शेजारी पुतण्या, डोक्यावर उंदराचे कान.

रात्री एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. तिथे दुपारचे दोन पन्नास. "ताई, बाबा बाकावर नाहीत. वीस मिनिटं झाली. फोन उचलत नाहीत."

त्या वेळी मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही. ज्याचे आईवडील म्हातारे आहेत त्याला ते सांगावे लागत नाही. मी बाबांचा कागद काढला, त्याचा फोटो माझ्याकडे होता. अडीचच्या क्रॉसिंगच्या आधी निळ्या रेघेवर बारीक दातऱ्या होत्या. मी त्या खाडाखोड समजले होते. काही सुचेना. भावाला म्हटले, सुरक्षा रक्षकाला सांग, आणि फोन चालू ठेव. फोनमधून मला बँडचा आवाज येत होता, मुलांचे ओरडणे येत होते, आणि मग लांबून एक शिटी आली. वाफेची शिटी. मी ती लहानपणानंतर ऐकली नव्हती.

तीन वाजून पाच मिनिटांनी बाबा मेन स्ट्रीटच्या स्टेशनातून जिना उतरून आले.

उद्यानाच्या कडेने सुमारे अडीच किलोमीटरची रेल्वे धावते. तिची चारही इंजिने फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात १९१६ ते १९२८च्या दरम्यान बनली. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये त्यांनी आयुष्य घालवले आणि १९६९ साली ती भंगाराच्या वाटेवरून विकत आणली गेली. रूळांची रुंदी तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर. आपली १९०० सालची रायपूर–धमतरी गाडी ७६२ची होती. माझ्या तिन्ही साधनांत ही रेल्वे होती, पण तिची रांग फारशी नसते म्हणून मी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. जिथे थांबावे लागत नाही ते माझ्या यादीत महत्त्वाचे नव्हते.

बाबा चार फेऱ्या मारून आले होते. भाऊ चिडला. बाबा घड्याळ पाहून म्हणाले, "पस्तीस मिनिटं लेट. चाळीसची रिकव्हरी ठेवली होती. पुढचं सेक्शन वेळेवर आहे." आणि खरेच, त्या दिवसाचे पुढचे काहीही हुकले नाही. साडेपाचच्या क्रॉसिंगनंतर पुतण्याने आपली खाणगाडीची दुसरी फेरी सोडली आणि आजोबांबरोबर आगगाडीत बसला. आजोबांनी त्याला काय काय सांगितले कोण जाणे. तेव्हापासून तो फोनवर मला विचारतो, "आत्या, लूप लाइन म्हणजे काय ते तुला माहितीये?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्वतःच भावाला सांगितले, "आज मला चेअर कारचं रिझर्व्हेशन दे." भावाला आधी कळलेच नाही. कळल्यावर तो काही न बोलता खुर्ची घेऊन आला. त्याने मला नंतर सांगितले की ढकलताना बाबांचे डोके समोर दिसत होते, मागचे केस विरळ झालेले, आणि आपण हे डोके वरून कधी पाहिलेच नव्हते. आमचे भांडण तिथे मिटले. त्यावर आम्ही वेगळे असे काही बोललो नाही.

आता ओळखीचे लोक विचारतात, कोणते साधन चांगले? मी हिशेबनिसासारखे उत्तर देते. तिकिटे, वेळा आणि त्या क्षणाचे आकडे यांसाठी त्यांचेच अ‍ॅप लागते, त्याला पर्याय नाही. फलकावरचा आकडा मात्र प्रत्यक्षापेक्षा अनेकदा मोठा असतो, तो पाहून घाबरू नये. जाण्याआधी महिनाभर एरवीची गर्दी समजून घ्यायची तर क्यू-टाइम्स फुकट आहे आणि पुरेसे आहे. खेळ पाचपेक्षा जास्त असतील तर क्रम लावण्याचे काम टूरिंग प्लॅन्ससारख्या यंत्रावर सोडावे, ते आपल्या आवाक्यातले नाही. पण त्याला खेळांची यादी देण्याआधी थांबे द्यावेत. आणि चालण्याचा वेग लिहिण्याआधी आपल्या माणसाबरोबर एकदा चालून यावे, तिकीट काढायचे नसले तरीही.

बाबा मार्चमध्ये परत आले. वर्गणी संपत आल्याचे पत्र यंत्राकडून मला आले, ती मी वाढवली नाही. निळ्या-लाल रेघांचा कागद पुतण्याने ठेवून घेतला आहे.

परवा संध्याकाळी आम्ही कोतवाली चौकाकडे निघालो. सराफाच्या दारात बाबा थांबले. भावाच्या फलकाकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"थांबू जरा," ते म्हणाले.

मीही थांबले. लोक आमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात राहिले.